क्विल्टच्या अस्तराला माया किती सोडायची

शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या पलीकडे सोडलेलं कापड. कपड्याला अर्धा-पाऊण इंच माया पुरते. क्विल्टच्या, म्हणजे तीन थरांच्या शिवलेल्या गोधडीच्या, अस्तराला (सर्वांत खालच्या थराला) मात्र प्रत्येक बाजूला ३ ते ४ इंच सोडायला सांगतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते, कारण ते सगळं शेवटी कापूनच टाकायचं असतं. पुढचा हिशेब एका ६० बाय ७२ इंची टॉपचा, म्हणजे क्विल्टच्या वरच्या थराचा आहे. क्विल्टिंग (तिन्ही थर एकत्र शिवणं) घरच्या मशीनवर, अस्तर ४४ इंची पन्ह्याच्या साध्या विणीच्या सुती कापडाचं, मधला थर सुती बॅटिंगचा, म्हणजे भरावाचा.

सुरुवात टॉप मोजण्यापासून केली. नमुन्याच्या कागदावर ६० बाय ७२ लिहिलेलं असलं तरी त्यावर कापड आणायचं नाही. टॉपला इस्त्री केली, सपाट जमिनीवर पसरला आणि रुंदी तीन ठिकाणी घेतली: वरच्या कडेला, मध्ये आणि खालच्या कडेला. ६०.५, ६० आणि ६०.७५ इंच भरली. लांबी डावीकडे ७२.२५, मध्ये ७२, उजवीकडे ७२.५. अस्तरासाठी दोन्हीकडचा सर्वांत मोठा आकडा धरायचा, म्हणून ६०.७५ चे पूर्ण ६१ करून ६१ बाय ७२.५. किनारीच्या पट्ट्या मध्यापेक्षा एखाद्या इंचाने लांब भरणं नेहमीचंच आहे. हा फरक दोन इंचांवर गेला तर मात्र माया वाढवून भागत नाही. तशा किनारी झालरीसारख्या लाटा मारतात आणि क्विल्टिंग करताना त्यांच्या चुण्या पडतात. त्या उसवून, मध्याच्या मापाने कापून पुन्हा लावाव्या लागतात.

मग माया किती? हाताने, रिंगशिवाय (कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीशिवाय) धावदोरा घालणार असाल तर लहान क्विल्टला प्रत्येक बाजूला २ इंच चालतात. घरच्या मशीनवर ३ इंच, शक्य असेल तर ४. लाँगआर्म मशीनवर (क्विल्ट रुळांवर ताणून शिवणारं मोठं मशीन) कमीत कमी ४, आणि तिथे मशीन चालवणाऱ्याला आधी विचारूनच कापड कापावं, कारण काही जण ६ मागतात. हे आकडे प्रत्येक बाजूचे आहेत. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ‘४ इंच जास्त’ म्हणजे एकूण चार समजून कापड आणलं की प्रत्येक कडेला दोनच उरतात, आणि धुणं, काठ कापणं, कोपरे गुण्यात (काटकोनात) आणणं हे सगळं त्या दोनातूनच जातं.

माया लागते त्यामागचं मुख्य कारण मशीनच्या दाताळ्यात आहे. सुईखालचे दात सर्वांत खालचा थर, म्हणजे अस्तर, मागे ओढतात. वरून फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबणारा पाय, टॉपला दाबून धरतं, त्यामुळे टॉप जरा रेंगाळतो आणि फुटाच्या पुढे ढकलला जातो. एका ओळीत हा फरक धाग्याएवढा असतो. मध्यापासून कडेपर्यंत तीस-चाळीस ओळी झाल्या की तो इंचभर होतो. वॉकिंग फूट वरच्या थरालाही ओढतं म्हणून फरक बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. दुसरं कारण म्हणजे टॉप अस्तरावर अगदी काटकोनात कधीच बसत नाही. ७२ इंच लांबीत एक अंश तिरकं बसलं तरी टोकाला सव्वा इंचाचा फरक पडतो. तिसरं कारण हातांचं. कडेची शेवटची ओळ शिवताना बोटांना पकडायला कापड हवं, नाहीतर कड फुटाखाली गोळा होते. आणि धाग्याचा ताण तपासायला कडेबाहेर चार टाके घालून बघता येतात, ही सोय वेगळीच.

आता कापड किती आणायचं. ४४ इंच म्हणून विकलेलं कापड धुऊन आणि दोन्ही काठ कापून हातात ४१ ते ४२ इंच उरतं. हिशेबात ४१ धरलेले बरे. असे दोन तुकडे अर्धा-अर्धा इंच शिलाईने जोडले की ४१ अधिक ४१ वजा १, म्हणजे ८१ इंच मिळतात. या टॉपला घरच्या मशीनसाठी किमान ६७ बाय ७८.५ इंचांचं अस्तर हवं, म्हणजे प्रत्येक बाजूला ३ इंच.

जोड उभा, म्हणजे क्विल्टच्या लांबीच्या दिशेने, घेतला तर दोन्ही तुकडे ७८.५ इंच लांब लागतात, एकूण १५७ इंच. रुंदीला मिळतात ८१, हवेत ६७, म्हणजे १४ इंच रुंद पट्टा फुकट. जोड आडवा घेतला तर तुकडे ६७ इंचांचे, एकूण १३४, आणि लांबीला ८१ मिळतात, जिथे ७८.५ हवेत. नुसता जोड फिरवला आणि २३ इंच कापड वाचलं. सवयीने उभाच जोड घेणारे हा हिशेब करत नाहीत. तो प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी करून पाहावा, कारण दर वेळी आडवाच फायद्याचा निघतो असं नाही. टॉप ४० बाय ८० असेल, तर अस्तर ४६ बाय ८६ लागतं. आडव्या जोडाला ८६ पुरे करायला ४६ इंची तीन तुकडे, म्हणजे १३८ इंच. उभ्याला ८६ इंची दोन, म्हणजे १७२. पण उभ्या मांडणीत कमी पडतात ते फक्त ५ इंच, म्हणून ८६ इंचांच्या एकाच तुकड्याला टॉपमधून उरलेल्या कापडांची ७-८ इंची पट्टी जोडली तर काम ८६ इंचांतच होतं.

१३४ इंच हा शेवटी हातात हवा असलेला आकडा, विकत घ्यायचा नव्हे. प्रत्येक तुकडा गुण्यात आणायला २ इंच जास्त धरले, झाले १३८. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आकसतं, म्हणून ५ टक्के धरले, झाले १४५. दुकानातली कात्री क्वचितच सरळ चालते, त्यासाठी दोनेक इंच. १४७ इंच म्हणजे पावणेचार मीटर. तेवढं आणलं.

धुवायचं की नाही यावर दोन मतं आहेत. न धुता शिवून नंतर धुतलं की तिन्ही थर मिळून आकसतात आणि क्विल्टला जुन्यासारखा चुरगळलेला पोत येतो, तो काहींना मुद्दाम हवा असतो. पण टॉप आधी धुतलेल्या कापडांचा आणि अस्तर कोरं, असं मिश्रण करू नये. अस्तर एकटंच आकसतं आणि टॉप फुगून फुगे दिसतात. इथे टॉपची कापडं धुतलेली होती म्हणून अस्तरही धुतलं. टोकांना धुण्याआधी झिगझॅग टीप मारली, नाहीतर मशीनमध्ये सुटलेले धागे दोरखंडासारखे गुंडाळले जातात. वाळवून इस्त्री केल्यावर १४७ इंचांचे १४२ झाले आणि ४४ चा पन्हा पावणेत्रेचाळीस.

टोकं सरळ करायला कापड फाडलं. काठापाशी छोटा काप द्यायचा आणि सरळ ओढायचं, साध्या विणीचं सुती कापड आडव्या धाग्यावर बरोबर फाटतं. फाडल्यावर दुकानातला काप किती तिरका होता ते दिसलं: एका काठाला पावणेदोन इंच निघून गेले. फाडलेली कड अर्धा इंचापर्यंत ओढली जाऊन लाटेसारखी होते, ती इस्त्रीने दाबून नंतर कापावी लागते. दोन्ही टोकं मिळून अडीच इंच गेले, उरले १३९.५. मधोमध फाडून पावणेसत्तर इंचांचे दोन तुकडे झाले.

काठ कापायचेच. तिथली वीण घट्ट असते, धुण्यात ती बाकी कापडापेक्षा वेगळी आकसते आणि जोडाची रेघ खेचल्यासारखी दिसते. हाताने क्विल्टिंग करणाऱ्याची सुई तर तिथे अडतेच. दोन्ही काठ अर्ध्या इंचापेक्षा थोडे जास्त कापल्यावर प्रत्येक तुकडा साडेएकेचाळीस इंच रुंद राहिला. टॉपच्या तुकड्यांना पाव इंच शिलाई असते, अस्तराच्या जोडाला अर्धा इंच घेतली, टाका २ मिलिमीटरचा. जोडावर ओढ जास्त येते आणि शिलाई दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करायची असते, त्यामुळे टाका बारीक हवा. एका बाजूला दुमडून इस्त्री केली तर तिथे कापडाचे तीन पदर एकावर एक बसतात आणि त्यावरून जाणारी क्विल्टिंगची ओळ वाकडी पळते. जोडल्यावर ८२ इंच, कोपरे गुण्यात आणल्यावर ८१ बाय ६९.

टॉपच्या मानाने माया लांबीला प्रत्येक बाजूला सव्वाचार आणि रुंदीला चार इंच. मागितले होते ३, आले ४, तेही कापड जेमतेम साडेतीन टक्केच आकसलं म्हणून. पूर्ण ५ टक्के आकसलं असतं आणि दुकानातला काप अजून तिरका असता, तर ३ वरच थांबलं असतं.

जोड बरोबर मध्यावर येतो आहे हे इथे मान्य केलं. क्विल्ट नेहमी मधोमध घडी घालून ठेवला जातो, त्यामुळे मध्यावरचा जोड वर्षानुवर्षं त्याच दुमडीवर झिजतो. मोठ्या क्विल्टला म्हणूनच तीन तुकडे घेतात: मध्ये अख्खा पन्हा आणि दोन्ही बाजूंना त्याच्या अर्ध्या पट्ट्या. इथे दुसऱ्या जोडात आणखी एक इंच गेला असता, म्हणून एकच जोड ठेवला. घडी तीन पदरांत घातली की प्रश्न सुटतो.

१०८ इंची मोठ्या पन्ह्याचं कापड घेतलं असतं तर जोडच लागला नसता आणि १.९ मीटरमध्ये काम झालं असतं. पण हे कापड चौघडी होऊन ठाणावर चढतं आणि पुष्कळदा उभे-आडवे धागे तिरके बसलेले असतात. फाडून सरळ केल्यावर दोन्ही टोकांना मिळून चार-पाच इंच जाणं त्यात सहज घडतं. शिवाय १०८ लिहिलेलं प्रत्यक्षात १०५-१०६ भरतं. ९० बाय १०० इंची टॉपला प्रत्येक बाजूला ४ इंच माया धरून ९८ बाय १०८ अस्तर लागतं. तिथे पन्ह्यात ९८ बसवायचे आणि लांबी ३ मीटरपेक्षा थोडी जास्तच घ्यायची.

थर मांडताना अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर पसरलं आणि मास्किंग टेपने चिकटवलं: आधी चारही कडांचे मध्य, समोरासमोर, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. इथे ताण किती द्यायचा हे हाताला कळावं लागतं. सुरकुती राहू नये इतपतच. ढोलासारखं ताणलं तर टेप काढल्यावर अस्तर परत आखडतं आणि सगळ्या टॉपला बारीक चुण्या पडतात. बोटाने कापड चिमटीत उचलून पाहावं. किंचित वर येऊन सोडल्यावर सपाट बसलं तर ताण बरोबर.

त्यावर बॅटिंग. तेही टॉपपेक्षा मोठं हवं, पण अस्तरापेक्षा लहान: इथे प्रत्येक बाजूला ३ इंच. अस्तराची इंचभर कड बॅटिंगबाहेर दिसत राहिली की खालचं कापड अजून जागेवर आहे का, ते न उलटता कळतं. बॅटिंग अस्तराच्या बरोबरीने कापलं की ही खूण जाते आणि अस्तर आत दुमडलं गेलेलं शेवटपर्यंत लक्षात येत नाही. मग दुमडलेला पदर क्विल्टमध्येच शिवला जातो.

टॉप ठेवण्याआधी अस्तराच्या आणि टॉपच्या चारही कडांच्या मध्यावर इस्त्रीने घडीची खूण केली आणि खुणेला खूण जुळवली. नंतर माया आठ ठिकाणी मोजली: चार कोपरे, चार कडांचे मध्य. सात ठिकाणी ४ च्या आसपास भरली, खालच्या उजव्या कोपऱ्यात सव्वातीन, म्हणजे टॉप तिरका बसला होता. कामाचा आकडा हा सव्वातीनच. बाकी तीन बाजूंना पाच-पाच इंच असले तरी एका कोपऱ्यात दीड असेल, तर ते अस्तर दीड इंच मायेचं. टॉप उचलून पुन्हा बसवला, तो कोपरा पावणेचारवर आला. सेफ्टी पिना मध्यापासून बाहेर, चार-चार इंचांवर, म्हणजे मूठ ठेवली तर तिच्याखाली एक तरी पिन यावी.

क्विल्टिंग वॉकिंग फूट लावून, दीड इंच अंतरावर सरळ ओळी. पहिली ओळ मध्यावर, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. लागोपाठच्या ओळी उलट दिशेने शिवल्या, सगळ्या वरून खाली शिवल्या असत्या तर टॉप एकाच कडेकडे सरकत गेला असता. काम संपल्यावर मोजलं तेव्हा ४ इंचांची माया डावीकडे तीन, उजवीकडे पावणेतीन, वर साडेतीन आणि खाली सव्वादोन उरली होती. खालच्या कडेला दोन इंच कुठे गेले? थोडा टॉप पुढे सरकला, थोडं अस्तर टाक्यांमध्ये आत घेतलं गेलं. दाट, बोटभर अंतराच्या ओळी असत्या तर याहून जास्त गेलं असतं. त्यासाठी सुरुवातीलाच एक इंच वाढवून ठेवावा.

माया संपलीच तर? कडेच्या सहा-सात इंच आधीच अंदाज येतो, तेव्हाच थांबावं. पुढे रेटून अस्तर टॉपच्या कडेला ओढून आणण्याचा मोह होतो, त्याने मागे तिरक्या चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. त्या भागातले चार-पाच इंच टाके उसवायचे, टॉप आणि बॅटिंग मागे दुमडून पिनांनी बांधून ठेवायचे, अस्तराची कड सरळ कापून घ्यायची आणि ६ इंची पट्टी अर्धा इंच शिलाईने जोडायची. शिलाई उघडून दाबायची. बॅटिंग पॉलिएस्टरचं असेल तर गरम इस्त्री त्याला लागू देऊ नये, ते वितळतं. बोटाच्या नखाने किंवा लाकडी पट्टीने दाबलं तरी भागतं. मग थर परत पसरून पिना घालायच्या. जोड मागे दिसतो, पण सपाट राहतो.

हाताने रिंगमध्ये क्विल्टिंग करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. कडेचं डिझाइन रिंगच्या मध्यावर यायचं तर बाहेर सहा-सात इंच कापड लागतं. तेवढं अस्तर वाया घालवण्याची गरज नाही. कामापुरती जुन्या कापडाची पट्टी कच्च्या टाक्यांनी कडेला जोडून रिंग तिच्यावर बसवतात. अस्तराची मोकळी कड पुढे वळवून बॅटिंगवर कच्चा धावदोरा घालून ठेवली तर महिनोन्‌महिने हाताळताना बॅटिंग पिंजत नाही.

लाँगआर्मवर माया वाया जाते असं म्हणताच येत नाही, मशीन तिच्यावरच उभं असतं. अस्तराची वरची आणि खालची कड रुळांच्या पट्ट्यांना पिनांनी जोडली जाते आणि बाजूंना चिमटे लावून कापड ताणतात. चिमट्याने दोन इंच धरले आणि माया तीनच असेल, तर मशीनचा फूट चिमट्यावर आदळतो. अस्तर गुण्यात नसेल तर रुळावर एक बाजू घट्ट आणि दुसरी झोळ पडलेली, मग कितीही माया असून उपयोग नाही. जोड रुळांना समांतर असावा. रुळांना काटकोनात गेला, तर प्रत्येक फेऱ्याला शिलाईचा जाड भाग त्याच जागी गुंडाळला जातो आणि दोन्ही बाजूंचं कापड सैल पडतं.

पट्ट्यापट्ट्यांचं छापील कापड अस्तराला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन अंशांचा तिरकेपणा साध्या कापडात कुणाला दिसत नाही, पट्ट्यांत तो पहिल्यांदा दिसतो. मोठी नक्षी जोडावर जुळवायची असेल तर पहिल्यानंतरच्या प्रत्येक तुकड्याला नक्षीची एक पूर्ण आवृत्ती जास्त घ्यावी. नक्षी १२ इंचांनी परत येत असेल तर १२ इंच जास्त. फ्लॅनेल सुतीपेक्षा जास्त आकसतं, ते धुऊनच मापावं. मिंकीसारखं लवदार कापड आडवं ताणलं जातं. त्याला पिना जवळ-जवळ हव्यात आणि लवेची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच हवी.

कापणी सगळ्यात शेवटी. आधी कडेपासून पाव इंचाच्या आत, म्हणजे गोटाखाली (कडेला लावायच्या पट्टीखाली) झाकली जाईल अशी, चारही बाजूंनी लांब टाक्यांची टीप मारली, मग लांब पट्टी आणि रोटरी कटरने (फिरत्या गोल पात्याने) तिन्ही थर टॉपच्या कडेशी कापले. अस्तरच पुढे वळवून गोट करायचा असेल तर इथे गडबड करू नये. फक्त बॅटिंग टॉपच्या कडेशी कापायचं आणि अस्तर कात्रीपासून दूर दुमडून ठेवायचं. अर्धा इंच गोटासाठी अस्तर टॉपबाहेर एक इंच ठेवावं: अर्धा इंच आत दुमडायला, अर्धा पुढे दिसायला. तो इंच मिळायचा तर क्विल्टिंग संपल्यावर सर्वांत कमी भरलेल्या ठिकाणीही सव्वा इंच उरायला हवा. या क्विल्टच्या खालच्या कडेला सव्वादोन होते, त्यामुळे जमलं असतं.

कापून निघालेल्या पट्ट्यांपैकी अडीच इंच रुंद आणि टाक्यांची भोकं नसलेल्या तेवढ्या बाजूला काढल्या. त्या उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ आहेत, सरळ कडेच्या गोटाला चालतात. गोल कोपऱ्यांना नाही, तिथे उरेब (तिरकी कापलेली) पट्टीच लागते. बॅटिंग चिकटलेल्या जाड पट्ट्या मशीनजवळ ठेवल्या, पुढच्या क्विल्टचा ताण त्यांच्यावर तपासता येतो.